पाणबुड्याची वही

माझे आजोबा आणि बहरीनमधल्या मुहर्रकचे हाजीसाहेब, दोघांचेही वडील कर्जात गेले. आजोबांचे वडील दापोली तालुक्यात खोताचे कूळ होते, हाजीसाहेबांचे वडील मोती काढणारे पाणबुडे. पोरांची गाठ पडली ती बहरीनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात, फिटरच्या कामावर. पुढे माझ्या वडिलांनाही बहरीनच्या राजधानीत, मनाम्यात, नोकरी लागली, त्यामुळे आजोबा निवृत्तीनंतर हिवाळा आमच्याकडे काढायचे. शुक्रवारी नमाज आटोपून हाजीसाहेब यायचे. खजूर, वेलचीची कॉफी आणि बापांच्या गोष्टी. बोलणं जुन्या मुंबईच्या हिंदुस्थानीत. बहरीनच्या त्या पिढीला ती सहज यायची, कारण त्यांचा व्यापार मुंबईशी होता आणि १९६५ पर्यंत खिशातला पैसाही रुपयाच होता. मी शाळकरी पोर, बाजूला बसून ऐकायचे. त्या दोघांनी मला जे सांगितलं, ते पुढे पुस्तकं वाचून पडताळत गेले. इतिहासाचा धागा मात्र त्यांच्याच हातून मिळाला.

आपल्याकडे नथीत नि तन्मणीत बसऱ्याचे मोती म्हणून जे मिरवले जातात, त्यांतले कितीतरी बहरीनच्या समुद्रतळावरचे. तिथून ते मुंबईच्या मोतीबाजारात यायचे आणि तिथून जगभर जायचे. या धंद्याचा हंगाम भर उन्हाळ्यात, जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. पाणबुड्या नाकाला चिमटा लावायचा, पायाला दगड बांधायचा, गळ्यात टोपली अडकवायचा आणि तळाशी जायचा. वर होडीत दोरीवाला उभा. खालून दोरीला हिसका बसला की त्याने ओढून घ्यायचं. दिवसभर पोटात खजूर आणि कॉफी, कारण भरल्या पोटी दम टिकत नाही. भात आणि मासे मिळायचे ते सूर्य मावळल्यावर. हाजीसाहेब सांगायचे की त्यांच्या वडिलांना उतारवयात ऐकूच येईनासं झालं होतं. पाण्याच्या दाबाने कान गेले होते. घरात कुणी हाक मारायची झाली तर जमिनीवर पाय आपटायचे, म्हणजे हादऱ्याने त्यांना कळायचं.

पण पाणबुड्याला खरं बुडवलं ते समुद्राने नव्हे, उचलीने. हंगामाच्या आधी एक उचल, हिवाळा काढायला दुसरी. त्यातली काही रोख, काही तांदूळ आणि खजूर यांच्या रूपात, आणि त्या तांदळाचा भाव होडीचा कप्तान नाखुदा लावेल तो. हिशेब नाखुद्याच्या वहीत. पाणबुड्याला अक्षर येत नसे. कर्ज कधी फिटत नसे. बाप मेला की ते मुलाच्या अंगावर येई, आणि मुलगा त्याच नाखुद्याकडे डुबी मारू लागे. दुसऱ्याकडे जायचं तर आधीच्या नाखुद्याचा बरवा लागे. बरवा म्हणजे कर्ज किती राहिलं ते लिहिलेली चिठ्ठी. ती नसेल तर कुणी उभं करत नसे.

हे ऐकताना आजोबा मान डोलवायचे. त्यांच्या वडिलांनी खोताचं जे देणं कधी पाहिलंही नव्हतं, ते आजोबांच्या लहानपणी खळ्यावरून धान्याच्या रूपाने वसूल होत होतं. वर वेठ वेगळी. त्याच काळात, १९३३ मध्ये, अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप केला, जमिनी पडीक ठेवल्या आणि उपासमार सोसून १९३९ पर्यंत तो चालवला. खोती बंद करण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. आजोबा तोवर वाट पाहत थांबले नाहीत. परळच्या एका कारखान्यात फिटरचं काम शिकले आणि भरतीवाल्याकडे अंगठा न देता सही करून बहरीनच्या आगबोटीत चढले. सही केली, हे ते आवर्जून सांगायचे.

बहरीनमध्ये सुधारणा आली ती कोकणाच्या आधी. १९२३-२४ च्या सुमारास प्रत्येक पाणबुड्याच्या हातात त्याची स्वतःची हिशेबवही देण्याचा नियम झाला. व्याजाला आळा घातला गेला, बापाचं कर्ज मुलावर लादण्याला मर्यादा आली. मुहर्रकला १९१९ मध्ये सुरू झालेल्या हिदाया शाळेत हाजीसाहेब जात होते. संध्याकाळी वडील कमरेची छोटी वही काढून त्यांच्यापुढे ठेवायचे. पोराने मोठ्याने वाचायचं आणि कान गेलेल्या बापाने त्याच्या ओठांकडे पाहत आकडे समजून घ्यायचे. एकदा एका ओळीत तांदळाची पोती जास्त मांडलेली निघाली. दुसऱ्या दिवशी बाप ती वही घेऊन नाखुद्याच्या दारात उभा राहिला आणि ती ओळ खोडून घेऊनच परतला. "अक्षर काय असतं ते मला त्या दिवशी कळलं," असं हाजीसाहेब म्हणायचे.

इथवर गोष्ट सरळ वाटते. पण पुढे जे घडलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. उचलीवर बंधनं आली तशी उचलही घटली, आणि हिवाळ्यात घरी येणारा तांदूळ कमी झाला. ज्यांच्या भल्यासाठी नियम केले ते पाणबुडेच रस्त्यावर उतरले. १९३२ मध्ये तर मोठा दंगा झाला. तोवर जागतिक मंदीने मोत्यांचा भाव पाडला होता, आणि जपानच्या मिकिमोतोच्या संवर्धित मोत्यांनी उरलासुरला बाजारही खाल्ला होता. ते पाणबुडे अडाणी होते म्हणून सुधारणेविरुद्ध उठले, असं काही इंग्रजी कागदपत्रांच्या सुरातून वाटतं. मला तसं वाटत नाही. वहीने त्यांना हिशेब दिला, पण हिवाळ्याचं धान्य कुठून येणार याचं उत्तर दिलं नाही. कामगाराचं संरक्षण आणि त्याच्या घरची चूल या दोन गोष्टी वेगळ्या खात्यांत टाकल्या की दोन्ही मोडतात. माझ्या दोन म्हाताऱ्यांच्या गोष्टींचं सार मी हेच काढते.

त्याच १९३२ मध्ये बहरीनच्या जबल दुखानला तेल लागलं. आखाताच्या अरब किनाऱ्यावरचं ते पहिलं तेल. १९३६ मध्ये शुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि मुंबईत माणसांची भरती होऊ लागली. १९४० च्या ऑक्टोबरात इटलीच्या विमानांनी त्या कारखान्याच्या रोखाने बॉम्ब टाकले, तेव्हा आजोबा रात्रपाळीला होते. नुकसान फारसं झालं नाही. खरा फटका दोन वर्षांनी बसला. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. बहरीनमध्ये शिधावाटप आलं. मेसमध्ये दुधाच्या रिकाम्या डब्याने तांदूळ मोजून मिळायचा, आणि डब्याच्या काठावर चढलेले दाणे वाढपी बोटाने सपाट करायचा. आजोबा ते बोट हवेत फिरवून दाखवायचे. त्याच वेळी दापोलीला आजी काय खात होती? घरचा भात जेमतेम शिमग्यापर्यंत पुरायचा, पुढे रंगूनचाच तांदूळ विकत घ्यायचा. तोही बंद. नाचणीची पेज, वरी, कुळीथ यांवर दिवस निघाले. मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं. बंगालमध्ये त्या वर्षी लाखो माणसं भुकेने मेली. तिथे धान्याच्या तुटीपेक्षा मजुरांची क्रयशक्ती खचणं अधिक जीवघेणं ठरलं, हे पुढे अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं.

आमच्या घराच्या जिवावर ती टंचाई आली नाही, कारण महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर येत होती. पगार ठरलेला होता, तारीख ठरलेली होती. आजोबांचा पगार पाणबुड्याच्या उचलीहून मोठा होता की नाही कोण जाणे, पण तो लिहिलेला होता आणि वेळेवर मिळत होता.

पुढच्या काळात बहरीनने स्वतःला सावरायला बरंच काही केलं. १९६५ मध्ये दहा रुपयांना एक या दराने स्वतःचा दिनार आणला, आणि आठच महिन्यांनी, जून १९६६ मध्ये, भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं. आजोबांच्या मनिऑर्डरचे रुपये अचानक वाढले. गावात लोकांनी त्यांना श्रीमंत ठरवलं. १९५७ मध्ये कामगार कायदा झाला होता. पिठाच्या गिरणीची कंपनी १९७० मध्ये उभी राहिली, म्हणजे निदान दळलेलं पीठ देशात तयार होऊ लागलं. २००६ मध्ये बेकारी विम्याचा कायदा आला, आखाती देशांत पहिला. कामगाराने एक टक्का, मालकाने एक टक्का, सरकारने एक टक्का. २०२० च्या साथीत याच निधीतून खासगी नोकरीतल्या सुमारे १ लाख बहरीनी नागरिकांचे तीन महिन्यांचे पगार दिले गेले. अडचणीच्या दिवसासाठी आधीच साठवून ठेवणं म्हणतात ते हेच.

महाराष्ट्राला हा धडा १९७२ च्या दुष्काळाने दिला. स्वस्त धान्याच्या दुकानात धान्य आलं तरी ते घ्यायला हातात मजुरी नसेल तर काय उपयोग? वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेने त्याचं उत्तर दिलं. दुष्काळी कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं होती. १९७७ मध्ये हमीचा कायदा झाला. भुकेला कामाच्या हक्काशी जोडणारा हा विचार आपल्या मातीतला आहे, त्याचा अभिमान मला इथे बहरीनमध्ये राहूनही वाटतो.

म्हणूनच बहरीनमध्ये आज जे दिसतं ते टोचतं. बेकारी विम्याचा एक टक्का परदेशी कामगाराच्या पगारातूनही कापला जातो. २०२० मध्ये मात्र त्या तीन महिन्यांच्या पगारांत त्याचा वाटा नव्हता. म्हसळ्याच्या एका सुताराला मी ओळखते. त्याच्या ठेकेदाराने त्या वर्षी कित्येक महिने पगार दिला नाही. एका खोलीत सहाजण. ते जगले कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरच्या उधारीवर. इथे किराणा दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात. मल्याळी दुकानदाराची ती वही मी पाहिली आहे. पानं तेलकट, वर नावं नाहीत, खोलीचे नंबर. खाली तांदूळ, मसूर, कांदे, अंडी, गॅस. महिन्यामागून महिना जमेची बाजू कोरी. सरकारी गोदामं तेव्हाही भरलेली होती, त्या खोलीची चूल मात्र त्या दुकानदाराच्या भलेपणावर पेटत होती.

सुधारणा होत नाहीत असं नाही. २००९ मध्ये कामगाराला मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलायची मुभा मिळाली. दोन वर्षांनी तिला पहिल्या मालकाकडे वर्षभर राहण्याची अट लागली. बरव्याची सावली इतकी लांब आहे. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार उघड्यावर काम बंद ठेवण्याचा नियम २००७ पासून आहे. २०२१ पासून पगार बँकेतून देण्याची सक्ती टप्प्याटप्प्याने आली. पाणबुड्याच्या वहीची ही आजची रूपं आहेत, आणि त्यांतली प्रत्येक मोलाची आहे.

अन्नाची दोरी मात्र अजून समुद्रापलीकडेच बांधलेली. भारताने २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा झळ बासमती खाणाऱ्यांना नाही, मजुरांच्या मेसला लागली. डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली. लासलगावला शेतकऱ्याचा भाव पडला, मनाम्यात कांदा महागला. २०२४ च्या एप्रिलमध्ये ९९,१५० टन कांदा सहा देशांना द्यायची मुभा मिळाली, त्यात बहरीनचं नाव होतं. देशांदेशांत असा हिशेब होऊ शकतो, हे त्यातून सिद्ध झालं. मग तो कांद्यापुरताच का थांबावा? ज्याच्या पगारातून एक टक्का जातो त्याला अडीअडचणीला त्यातून हक्काने काही मिळावं, तो मायदेशी परतला तरी मिळावं. भारत आणि बहरीन यांनी पुढचा करार करायला बसताना तांदूळ-कांद्याच्या आकड्यांशेजारी त्या एक टक्क्याचाही हिशेब मांडावा, आणि रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने तो मागायला सगळ्यांत पुढे असावं.