पिठाचं देणं

बॅनकचं, म्हणजे कॅनडातल्या क्री मूळनिवासींच्या जाड रोटीचं, पीठ मळायचं नसतं. मैदा, मीठ आणि बेकिंग पावडर हाताने सारखी करायची, मधोमध खळगा करून कोमट पाणी ओतायचं आणि बोटांच्या टोकांनी जेमतेम गोळा होईल इतकंच जमवायचं. पोळीच्या कणकेला सरावलेला माझा हात तिंबायला धावतो आणि कोकुम मनगटावर चापट मारतात. तिंबलं की मैद्याला चिवटपणा येतो, बॅनक वातड होतो. शिवाय पाणी लागताच बेकिंग पावडर फसफसू लागते. तो जोर कढईत कामी यायला हवा.

कोकुम म्हणजे क्री भाषेत आजी. सस्कॅटूनमध्ये ओळखीपाळखीचे सगळेच त्यांना या नावाने हाक मारतात, म्हणून मीही. ऐंशी कधीच ओलांडली. जन्म नॉर्थ सस्कॅचेवान नदीकाठच्या रिझर्व्हवरचा, म्हणजे मूळनिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवरचा. त्यांचं प्रमाण साधं आहे: तीन कप मैदा, मोठा चमचाभर बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ, सव्वा ते दीड कप पाणी. भट्टीत भाजायचा असेल तर डुकराच्या चरबीचं मोहन. तळायचा तर मोहनही नको. गोळा दहा मिनिटं झाकून ठेवायचा, मग पिठी लावलेल्या हातावर अर्धा इंच जाड थापायचा आणि मधे सुरीने चीर द्यायची. वड्याला भोक पाडतो तसंच हे, नाहीतर कडा लाल होतात आणि पोट कच्चं राहतं. बिडाच्या कढईत दोन बोटं तेल. पिठाची गोळी टाकावी. तळाशी बसली तर तेल थंड, लगेच काळवंडली तर जास्त तापलं, बुडबुड्यांसह वर आली की बॅनक सोडायचा. एकदाच उलटायचा. वर सस्कॅटून बेरीचा जॅम.

हे सगळं करताना कोकुमचं तोंड चालू असतं, आणि त्या सांगतात ते पाककृतीच्या पुस्तकात नसतं.

बॅनक आला स्कॉटलंडमधून. हडसन्स बे कंपनी ऑर्कनी बेटांवरून माणसं भरती करून आणायची. त्यांची ओट-बार्लीची जाड भाकर फरच्या व्यापाराबरोबर नद्यानद्यांनी आत शिरली. पण तेव्हा क्री लोकांचं पोट तिच्यावर नव्हतं. मैदानावर बायसन होते. वाळवलेलं मांस कुटून त्यात चरबी आणि बेरी घातलेलं पेमिकन महिनोन्‌महिने टिकायचं. मैदा ही चैन होती. ती गरज कशी झाली, ते कोकुमनी त्यांच्या आजीकडून ऐकलं.

१८७६ च्या ऑगस्टमध्ये फोर्ट कार्लटनला क्री आणि कॅनडा सरकार यांच्यात सहावा करार झाला. बायसन झपाट्याने कमी होत होते आणि म्हाताऱ्यांना पुढचं दिसत होतं. क्री पुढारी पाउंडमेकर भर सभेत म्हणाला होता की ही जमीन म्हणजे पेमिकनचा तुकडा नाही, की कापून घ्यावा आणि आम्हालाच थोडा थोडा परत द्यावा. शेवटी मिस्तवासिस आणि अहताहकाकूप या प्रमुखांनी सही केली. पण दुष्काळ किंवा साथ आली तर सरकार मदत करील, हे कलम घालून घेतल्यावरच. कोकुमच्या घरी सांगत आलेत की आपण जमीन विकली नाही, नांगराचा फाळ जाईल तेवढी वरची माती वापरायला दिली. म्हणजे त्यांच्या हिशेबी पीठ हे त्या वापराचं देणं होतं.

तीन वर्षांत, १८७९ च्या सुमारास, कॅनडाच्या मैदानावरून बायसन जवळजवळ नाहीसे झाले. दुष्काळाचं कलम वापरायची वेळ आली, आणि सरकारने शिध्याचा लगाम केला. काम करील त्यालाच शिधा, असा नियम आला. पंतप्रधान मॅकडोनाल्डनी १८८२ मध्ये संसदेत खुशाल सांगितलं की खर्च वाचावा म्हणून लोक उपासमारीच्या काठावर येईपर्यंत आमचे अधिकारी अन्न रोखून धरतात. सही न करता सहा वर्षं तग धरलेल्या क्री प्रमुख बिग बेअरला त्याच साली डिसेंबरात भुकेनेच सही करायला लावली. कोकुमच्या आजीला आठवत होतं ते इतकंच: वडील दिवसभर लाकडं फोडायचे, मग कोठीवरचा माणूस तागडीत पीठ टाकायचा, आणि ते ओलसर, कुबट असायचं. १८८५ मध्ये फ्रॉग लेकला शिधा नाकारणाऱ्या सरकारी एजंटसह नऊ जण मारले गेले; त्याच नोव्हेंबरात बॅटलफोर्डला सरकारने आठ मूळनिवासींना एकदम फाशी दिलं. त्यानंतर एजंटची चिठ्ठी असल्याशिवाय रिझर्व्हबाहेर पाऊल टाकायची सोय उरली नाही. शिकार गेली, वाट बंद झाली. उरलं पीठ, मीठ आणि चरबी.

लाकडं फोडून मिळालेल्या पिठाची गोष्ट ऐकताना मला माझी आजी आठवली. बाहात्तरच्या दुष्काळात बीड जिल्ह्यात ती खडी फोडायला जात होती. मस्टरवर नाव, मुकादमाचं माप आणि दुपारी सुकडी. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, मिलो, मिळायची. तिच्या पिठाला चिकटा नव्हता. भाकरी थापता थापता तुटायची, म्हणून आजी उकळत्या पाण्यात उकड काढून मगच थापायची. गावात कोणी म्हणालं की सरकारने जगवलं, तर ती फटकारायची: फुकट नाही खाल्लं, खडी फोडून खाल्लं. दोघींच्या दुष्काळात फरक आहेच. आजीची जमीन कोरडी पडली होती, कोणी काढून घेतली नव्हती, आणि पाऊस आल्यावर ती मिलो विसरून गेली. क्री लोकांचे बायसन पुढच्या पावसाला परतणारे नव्हते.

म्हणून बॅनकवर त्यांच्यातच दोन मतं आहेत. मैदा आणि तळणाने मधुमेह घरोघर शिरला, तेव्हा हे गुलामीचं अन्न टाका आणि बायसन, जंगली तांदूळ यांकडे वळा, असं तरुण स्वयंपाकी म्हणतात. अमेरिकेत सुझन शोन हार्जो यांनी २००५ मध्ये फ्रायब्रेडविरुद्ध, म्हणजे तिथल्या तळलेल्या बॅनकविरुद्ध, असाच कडक लेख लिहिला. त्याच वर्षी साउथ डकोटाने फ्रायब्रेडला राज्याची अधिकृत ब्रेड ठरवलं! कोकुमना मधुमेह आहे. अर्ध्या बॅनकवर थांबतात. पण सोडणार नाहीत. मूळनिवासी मुलांसाठीच्या सरकारी निवासी शाळेतून उन्हाळ्यात घरी आल्यावर आईने पहिल्यांदा हातात ठेवला तो बॅनक होता, आणि त्याला त्या सरकारी अन्न मानत नाहीत.

करारानुसार सरकारकडून दरवर्षी माणशी पाच डॉलर मिळतात. १८७६ लाही पाचच होते, आजही पाचच. त्यात मैद्याची मोठी पिशवीही येत नाही. तरी कोकुम नातवंडांना घेऊन रांगेत उभ्या राहतात. मी विचारलं, एवढ्याशा पैशांसाठी कशाला? त्या म्हणाल्या, घेतले नाहीत तर ते समजतील की देणं फिटलं.