एक्समस
ख्रिसमस अर्थात नाताळ या सणाच्या इंग्रजी नावाचे संक्षिप्त लेखनरूप. त्यातील ‘एक्स’ने ख्रिस्ताचे नावच खोडून टाकले, असा आक्षेप या रूपावर वारंवार घेतला जातो, तथापि त्याचा इतिहास नेमका याच्या उलट आहे. हे अक्षर मुळात रोमन ‘एक्स’ नसून त्याच आकाराचे ‘खी’ हे ग्रीक अक्षर होय. ‘ख्रिस्तोस’ (अभिषिक्त) या ग्रीक शब्दाचे ते आद्याक्षर.

ईश्वर, येशू, ख्रिस्त इ. पवित्र नावे संक्षेपाने लिहून त्यांवर आडवी रेघ देण्याची प्रथा प्राचीन ख्रिस्ती ग्रीक हस्तलिखितांत आढळते. तिच्यामागे जागेच्या बचतीपेक्षा त्या नावांविषयीचा आदर असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. ‘खी’ आणि ‘ऱ्हो’ या पहिल्या दोन अक्षरांचे जोडचिन्ह सम्राट कॉन्स्टंटीनच्या काळी (कार. ३०६–३३७) लष्करी ध्वजावरही आले. हा संक्षेप पुढे लॅटिन लेखनातून इंग्लंडमधील मठवासी लेखनिकांपर्यंत पोहोचला. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या इतिवृत्तात इ. स. ११०० च्या सुमारास या सणाचे नाव अशाच संक्षेपाने लिहिलेले आढळते. कोलरिज, बायरन यांच्यासारख्या साहित्यिकांनीही पत्रव्यवहारात ‘एक्समस’ हे रूप वापरले.

ग्रीक अक्षराची ओळख पुसट झाली आणि विसाव्या शतकात हे रूप जाहिरातींतून सर्रास दिसू लागले, तेव्हा ते अनादराचे वाटू लागले. औपचारिक इंग्रजी लेखनात ते आजही सामान्यतः टाळले जाते. पोर्तुगीज ‘नाताल’वरून मराठीत आलेल्या ‘नाताळ’ या शब्दाचा मूळ अर्थ केवळ जन्मासंबंधीचा असा आहे. ‘एक्समस’मध्ये मात्र ख्रिस्ताच्या नावाचे आद्याक्षर टिकून आहे.