अतिवाहकातील भोवऱ्यांचा मागोवा

जळगाव-धुळ्यात एमआरआयसाठी गेलेला रुग्ण ज्या बोगद्यात झोपतो, त्याभोवती बहुधा नायोबियम-टायटॅनियमच्या तारांची गुंडाळी उणे 269 अंशांच्या द्रव हेलियमने थंड ठेवलेली असते. त्या तारांत चुंबकीय क्षेत्र असंख्य सूक्ष्म भोवऱ्यांच्या रूपाने शिरलेले असते. हे भोवरे जागच्या जागी खिळलेले असतात, म्हणूनच तिथला प्रवाह वर्षानुवर्षे घटत नाही. या भोवऱ्यांची वंशावळ आपण धुंडाळू लागलो, तर वाट 1911 च्या लायडनहून निघते. तिथे कामरलिंग ओनेसने पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसा होताना, म्हणजेच अतिवाहकता, पाहिली. पुढचा मोठा मुक्काम मात्र खारकीव्हचा. लेव शुब्निकोव्हने तिथे शिशाच्या मिश्रधातूंत दोन सीमा मोजल्या: एकीपाशी क्षेत्र आत शिरू लागते, तर दुसरीपाशी, कितीतरी प्रबळ क्षेत्रात, अतिवाहकता मोडते. 1937 साली स्टालिनच्या दमनचक्रात या संशोधकाला गोळ्या घालण्यात आल्या आणि त्याचे काम दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. विज्ञानाच्या इतिहासातली ही हानी आजही जिव्हारी लागते. 1950 साली गिन्झबुर्ग व लँडाऊ यांनी दोन लांबींचे गुणोत्तर मांडले. क्षेत्र किती खोल झिरपते आणि अतिवाहकता किती अंतरात सावरते, या त्या दोन लांबी. गुणोत्तर 0.707 हून कमी असले की पदार्थ पहिल्या प्रकारचा, जास्त असले की दुसऱ्या. दुसऱ्या प्रकारात भोवरे एकमेकांना दूर ढकलतात आणि त्यांची जाळी बनते, हे अब्रिकोसोव्हने 1957 मध्ये सिद्धांताने दाखवले. 1967 मध्ये श्टुटगार्टला लोहचुंबकीय कणांच्या साह्याने ती जाळी डोळ्यांना दिसली.

पहिला आणि दुसरा प्रकार ही दुफळी अनेक दशके टिकली. वास्तविक एकाच धातूत इलेक्ट्रॉनांचे दोन गट मिळून अतिवाहकता घडवू शकतात, ही कल्पना 1959 सालीच सूल, मॅथिआस व वॉकर यांनी मांडली होती. तिला साजेसे पदार्थ मात्र हाताशी नव्हते. इथे आपली वाट कुलाब्याला येते. 1994 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. नागराजन, एल. सी. गुप्ता व सहकाऱ्यांनी यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगात सुमारे 12 केल्विनला अतिवाहकता जाहीर केली. निकेल हा चुंबकीय धातू, अतिवाहकतेचा वैरीच मानलेला! या कुळात भोवऱ्यांची जाळी चौकोनीही होते असे पुढे आढळले, आणि 2004 मध्ये त्याच संस्थेत प्रताप रायचौधुरी व सहकाऱ्यांनी तिथली अतिवाहकता दिशेनुसार कमी-अधिक असल्याचे दाखवले. 2001 साली जपानमध्ये मॅग्नेशियम डायबोराइड 39 केल्विनला अतिवाहक ठरले आणि इलेक्ट्रॉनांच्या अशा दोन गटांच्या, म्हणजे दोन घटकांच्या, अतिवाहकतेचा ठळक नमुना हाती आला. दोन घटकांच्या सावरण्याच्या लांबी वेगळ्या असून क्षेत्र झिरपण्याची खोली त्यांच्या अधेमधे पडत असेल, तर भोवरे जवळून एकमेकांना ढकलतील आणि दुरून ओढतील, असे 2005 मध्ये बाबाएव्ह व स्पेइट यांनी मांडले. 2009 मध्ये मोश्चाल्कोव्ह यांच्या गटाने मॅग्नेशियम डायबोराइडमध्येच भोवऱ्यांचे पुंजके व पट्टे पाहिले आणि त्याला दीडाव्या प्रकारची अतिवाहकता म्हटले. या अर्थाबद्दल वाद आहे, आणि तो होणे रास्तच. पण 2023 मध्ये बाबाएव्ह यांचेच जुने भाकीत लोहयुक्त अतिवाहकात खरे ठरले. एरवी प्रत्येक भोवरा 1961 मध्ये मोजलेला एक अखंड चुंबकीय पुंज वाहतो; त्याचा केवळ काही अंश वाहणारे भोवरे तिथे दिसले, आणि तो अंश तापमानासोबत बदलत होता.