वातविवर आणि लिलिएंथाल यांचे कोष्टक : राइट बंधूंच्या १९०१ मधील प्रयोगांचा पुनर्विचार

विमानविद्येचा इतिहास सांगताना १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉक येथे झालेल्या बारा सेकंदांच्या उड्डाणाचा उल्लेख आवर्जून केला जातो. त्यामानाने डेटन येथील सायकलींच्या दुकानात १९०१ च्या अखेरीस केलेले मोजमाप उपेक्षित राहते. प्रस्तुत लेखात या मोजमापाचा, विशेषतः त्यातून कोणता आकडा दोषी ठरला याचा, विचार केला आहे.

१९०१ च्या उन्हाळ्यात विल्बर व ऑर्व्हिल राइट यांच्या ग्लायडरला अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांश उत्थापन, म्हणजे वर उचलणारी प्रेरणा, मिळाली. त्यांचे गणित दोन आधारांवर उभे होते : जर्मन अभियंता ओटो लिलिएंथाल यांचे कोष्टक आणि अठराव्या शतकातील जॉन स्मीटन यांच्या नावाने रूढ झालेला ०.००५ हा हवेच्या दाबाचा गुणांक. लिलिएंथाल १८९६ मध्ये ग्लायडर कोसळून मृत्यू पावले होते. आपल्या आकड्यांचे समर्थन करण्यास ते हयात नव्हते. संशय प्रथम त्यांच्याच कोष्टकावर गेला.

वातविवर, म्हणजेच विंड टनेल, ही कल्पना राइट बंधूंची नव्हे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस वेनहॅम यांनी १८७१ मध्येच ते उभारले होते. त्यापूर्वी नमुना फिरत्या दांड्याच्या टोकाला बसवीत. परंतु दांडा भोवतालची हवाही आपल्याबरोबर फिरवू लागे व मापन सदोष होई. नमुना स्थिर ठेवून हवाच वाहती केल्यास ही अडचण उरत नाही.

राइट बंधूंचे वातविवर म्हणजे सुमारे सहा फूट लांब व सोळा इंच चौरस अशी लाकडी पेटी. तिचा पंखा दुकानातील इंजिनावर चाले. खरे कौशल्य आतील तराजूत होते. तो सायकलचे स्पोक व हॅक्सॉची पाती यांपासून बनविला होता. त्यात पंखाच्या नमुन्याचे उत्थापन सपाट पट्ट्यांवरील वाऱ्याच्या दाबाशी तोलले जाई. दोहोंवर एकच वारा वाहत असल्याने वाऱ्याचा वेग आणि स्मीटन यांचा गुणांक हे दोन्ही हिशेबातून आपोआप वगळले जात. वादग्रस्त आकडा बाजूला ठेवून केवळ पंखाच्या आकाराला प्रश्न विचारणारे असे उपकरण सायकल दुरुस्त करणाऱ्यांनी घडवावे, याचे प्रस्तुत लेखकास आजही नवल वाटते.

निकाल अनपेक्षित होता. लिलिएंथाल यांचे कोष्टक त्यांच्या स्वतःच्या पंखापुरते बव्हंशी बरोबर निघाले. निराळ्या आकाराच्या पंखास ते लावणे ही चूक होती. मोठा दोष गुणांकाचा होता. त्याची किंमत ०.००३३ च्या आसपास असल्याचे राइट बंधूंना आढळले. सॅम्युएल लँग्ले यांनी १८९१ मध्येच ती कमी असल्याचे दाखविले होते, तरी जुना आकडा पुस्तकांतून चालूच राहिला.

लांब व अरुंद पंख अधिक कार्यक्षम ठरतात, हेही या चाचण्यांतून स्पष्ट झाले. १९०१ च्या ग्लायडरचा पंख २२ फूट लांब व ७ फूट रुंद होता. १९०२ मध्ये तो ३२ फूट लांब व ५ फूट रुंद करण्यात आला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये या ग्लायडरने ६०० फुटांहून अधिक अंतर कापले.