बाटलीवरच्या आकड्याची कुळकथा

चेन्नईतल्या एखाद्या बड्या हॉटेलच्या बारचं मेन्यूकार्ड उघडलं, की जपानी सिंगल माल्टच्या ओळीत नावाआधी आकडा डोळ्यांत भरतो: 12, 18, 25. आकडा चढला की किंमतही चढते. या आकड्याचा अर्थ एवढाच, की बाटलीतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीने लाकडी पिंपात तितकी वर्षं काढली आहेत. त्याला आजचा मान मिळाला त्यामागे मात्र मोठी हकिगत आहे.

1918 साली साके बनवणाऱ्या घराण्यातला मासाताका ताकेत्सुरू रसायनशास्त्र शिकायला ग्लासगोला गेला. स्कॉटलंडमधल्या डिस्टिलऱ्यांत राबून त्याने सगळी कृती वहीत टिपली आणि 1920 मध्ये स्कॉटिश पत्नी रीटासह तो मायदेशी परतला. शिंजिरो तोरी या व्यापाऱ्याने त्याला हाताशी धरून 1923 मध्ये क्योटो आणि ओसाकाच्या मध्ये यामाझाकीची डिस्टिलरी उभी करायला घेतली. 1929 ची त्यांची पहिली व्हिस्की, शिरोफुदा, सपशेल पडली. तिचा धुरकट वास जपानी गिऱ्हाइकाला मानवला नाही. 1934 मध्ये ताकेत्सुरूने उत्तरेला, होक्काइदोतल्या योइचीला वेगळी चूल मांडली. आजची निक्का कंपनी ती हीच.

महायुद्धात परदेशी ओक मिळेना, तेव्हा पिंपं मिझुनारा या देशी ओकची होऊ लागली. हे लाकूड गळकं, कामाला अवघड, आणि सुरुवातीची चव उग्र. पण वर्षानुवर्षं मुरल्यावर त्यातून सहाणेवर चंदन उगाळल्यासारखा वास येतो. लांबलचक मुरवणीचं जपानी कौतुक इथे सार्थ ठरतं.

तरीही यामाझाकीची सिंगल माल्ट बाजारात यायला 1984 उजाडलं. पुढे जगभर बक्षिसं मिळाली, मागणी उसळली आणि साठा कमी पडला. आजची बारा वर्षांची व्हिस्की बारा वर्षांपूर्वीच पिंपात भरलेली असावी लागते. 2018 मध्ये हाकुशू 12 आणि हिबिकी 17 या जपानी व्हिस्कींची विक्री थांबवावी लागली. आकड्याच्या किमतीत चवीइतकाच या टंचाईचा वाटा आहे.

दक्षिण भारतात हे गणितच बदलतं. मद्रास प्रांतात 1948 साली पूर्ण दारूबंदी आली. त्याच साली शेजारच्या बेंगळुरूत जगदाळे घराण्याने अमृत डिस्टिलरीज काढली. तिची सिंगल माल्ट 2004 मध्ये बाजारात आली तीही ग्लासगोतच, आणि बाटलीवर वयाचा आकडा न घालता. कारण उघड आहे. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के माल उडून जातो, बेंगळुरूत दहाच्या वर. उष्णतेने लाकडाचा अर्क झपाट्याने उतरतो, त्यामुळे चार-पाच वर्षांतच व्हिस्की तयार होते. तिला अठरा वर्षं ठेवायची म्हटली, तर पिंपाच्या तळाशी फारसं काही उरणार नाही.

पिणाऱ्यालाही हवामान सोडत नाही. उकाड्यात अल्कोहोल लवकर उडतं आणि वास घेताना नाकाला झणका बसतो. म्हणून चेन्नईत जुनी जपानी माल्ट चाखायची, तर गार खोलीत, निमुळत्या तोंडाच्या ग्लासात. नाक ग्लासात खुपसू नये. तोंड किंचित उघडं ठेवून कडेने वास घ्यावा. पहिला घोट जिभेला सराव म्हणून, खरी चव दुसऱ्यापासून. मग गार पाण्याचे काही थेंब घालावेत, म्हणजे झणका कमी होतो आणि आत दडलेले फळांचे, लाकडाचे वास वर येतात. पाणी घालणं कमीपणाचं मानू नये. जपानात पाणी घालून पिण्याची, म्हणजे मिझुवारीची, रीतच आहे.

पंचवीसच्या आकड्यावर पैसे उधळण्याआधी एक करून पाहा. बारा वर्षांची जपानी आणि आकडा नसलेली भारतीय माल्ट, दोन्ही तीस-तीस मिली मागवा आणि कोणती कुठली हे न सांगता पुढे ठेवायला सांगा. आकडा पिंपातली वर्षं सांगतो. आवडनिवड तुमच्या जिभेने ठरवायची.