रुपयाला किती गुण? पेण-रोह्यातली मुलं आणि मनाच्या उपचाराचा हिशेब

संयोजकांनी मला विषय दिला तेव्हा त्याचं नाव फारच जड होतं : 'बालक व युवकांच्या मानसिक आरोग्यसेवेची खर्च-परिणामकारकता'. मी ते घरी नेऊन जरा सोपं केलं. आपल्याकडे डॉक्टर बदलला की शेजारीण विचारते, 'गुण आला का गं?' तेव्हा प्रश्न एवढाच आहे, की एका रुपयाला किती गुण येतो. मी इतिहासाचा माणूस, म्हणून त्याला माझी एक पुरवणी जोडतो : हा रुपया कोणाच्या खिशातला धरायचा, ते आजवर कोण ठरवत आलं?

पेणचा किंवा रोह्याचा माणूस गेली शंभर-सव्वाशे वर्षं मनाच्या आजारासाठी दोन दिशांना बघत आला. वर ठाणं, तिथलं मनोरुग्णालय 1901 चं. खाली रत्नागिरी, ते त्याहून जुनं, 1886 चं. मधला अख्खा कुलाबा जिल्हा, म्हणजे 1981 पासूनचा आपला रायगड, मोकळा. 'याला ठाण्याला पाठवा' हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी चेष्टेत ऐकलेलं आहे, काहींनी बोललेलंही असेल. ठाणं हे आपल्याकडे गावाचं नाव कमी आणि निदान जास्त होतं.

त्या काळी हिशेबाचं एकक होतं खाट. 1946 मध्ये भोर समितीचा अहवाल आला, तोही खाटा मोजतो. देशात मनोरुग्णांसाठी सुमारे 10,000 खाटा, म्हणजे 40,000 माणसांमागे एक. सहा-सात लाख वस्तीचा कुलाबा जिल्हा धरला तर वाट्याला येतात पंधरा-सोळा खाटा. समितीला हे लाजिरवाणं वाटलं, आणि ते होतंच. पण माझं लक्ष दुसरीकडे गेलं. ज्या वहीत फक्त खाटा मोजल्या जातात, तिच्यात मूल दिसतच नाही. दहा वर्षांचा मुलगा बोलायचा थांबला, शाळेच्या नावाने त्याच्या पोटात दुखायला लागलं, रात्री दचकून उठायला लागला, तर त्याला कोण खाट देणार? आणि द्यावी तरी का?

मुलांसाठी वेगळा विचार आपल्याकडे झाला तो मुंबईत. नागपाड्याला 1936 मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी, 1937 मध्ये, त्याच्या वतीने बाल मार्गदर्शन केंद्र निघालं. मुलाला खाटेवर झोपवायचं नाही, आईवडिलांना बोलवायचं, शाळेत चौकशी करायची, अशी ती पद्धत. काम उत्तमच होतं. पण धरमतरची बोट पकडून पेणची कोणती आई तिथे दर आठवड्याला पोचली असती?

इथे एक घरची गोष्ट सांगतो. माझी आत्या रोहा तालुक्यातल्या एका वाडीत दिलेली. तिचा मधला मुलगा सातवीत असताना एकाएकी गप्प झाला. 'बाहेरचं काहीतरी लागलंय' म्हणून भगत बोलावला. मी तेव्हा शहरात शिकून आलेला शहाणा. म्हटलं, आत्या, ठाण्याला डॉक्टर असतात. ती म्हणाली, 'अरे, भगत दिवेलागणीला घरी येतो. लावणी टाकून ठाण्याला कोण जाणार?' मी तिला अडाणी समजलो. आज वाटतं, खर्चाचा हिशेब त्या खोलीत तिला एकटीलाच येत होता. नारळ आणि कोंबडं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला दोघांचं भाडं, दोन दिवसांची बुडालेली मजुरी, आणि गावभर झालेली चर्चा. सरकारी केसपेपर स्वस्त असतो, पण त्या केसपेपरपर्यंत पोचणं स्वस्त नसतं. भगताने गुण आला का? नाही आला. मुलाची शाळा सुटली ती सुटलीच.

बरं, पुढे काय झालं? 1982 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. रुग्णाने दवाखान्याकडे जाण्यापेक्षा सेवा त्याच्या जवळ न्यायची, हा त्याचा गाभा. कर्नाटकात बेल्लारी जिल्ह्यात 1985 पासून बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने हे करून बघितलं : प्राथमिक आरोग्य केंद्रातल्याच डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना शिकवायचं. त्यावरून 1996 मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आता ऐका, कारण हे आपल्या जिल्ह्यातही फारसं कोणाला माहीत नसतं. नवव्या पंचवार्षिक योजनेत देशातले जे पहिले 27 जिल्हे निवडले गेले, त्यात रायगड होता.

पैसे किती? 27 जिल्ह्यांना मिळून 28 कोटी. म्हणजे सरासरीने जिल्ह्याला एक कोटीच्या थोडं वर. 2001 च्या जनगणनेत रायगडची वस्ती 22 लाख. भागाकार करा. माणशी पाच रुपयेसुद्धा येत नाहीत, आणि तेही एका वर्षाचे नव्हेत, सगळ्या योजनेचे. एवढ्यात जे होण्यासारखं होतं तेच झालं. मोठ्या माणसांचे तीव्र आजार, फिट्स, गोळ्या. हे काम कमी मोलाचं नाही. कित्येक घरांत साखळीने बांधलेली माणसं गोळ्यांनी मोकळी झाली. पण शाळेतली जीवनकौशल्यं, कॉलेजातलं समुपदेशन हे या कार्यक्रमात आलं ते अकराव्या योजनेत, 2007 नंतर. म्हणजे मुलं पुन्हा मागेच.

असं का व्हावं? सगळा दोष कारकुनांवर टाकता येणार नाही. हिशेबाची पट्टीच वाकडी होती. 1993 मध्ये जागतिक बँकेच्या अहवालाने आजाराने वाया गेलेली आयुष्याची वर्षं मोजायची नवी रीत जगभर नेली. तिचा मोठा फायदा झाला. फक्त मृत्यू मोजत होतो तेव्हा नैराश्य दिसत नव्हतं, कारण त्या आजाराने मेला असं दाखल्यावर कोणी लिहीत नाही. वर्षं मोजली तर तो आजार एकदम वर आला. पण त्याच रीतीत दोन खोड्या होत्या. एक, वयाप्रमाणे वजन : पंचविशीच्या आसपासचं वर्ष सगळ्यात मोलाचं, लहान मुलाचं वर्ष कमी मोलाचं. दुसरी, पुढे मिळणारा फायदा दरवर्षी 3 टक्क्यांनी कमी धरायचा. आता बघा, चौदाव्या वर्षी सुरू होणारा आजार वेळेत सावरला तर फायदा पुढची चाळीस वर्षं मिळत राहतो. या पट्टीने त्यातली लांबची वर्षं कवडीमोल होतात. या दोन्ही गोष्टी 2010 सालच्या अभ्यासात काढून टाकल्या गेल्या. तोवर जवळजवळ वीस वर्षं धोरणं ठरवणाऱ्यांच्या टेबलावर याच पट्टीचे आकडे होते. आयुष्यभर टिकणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षाच्या आत सुरू होतात, हे 2005 मध्येच छापून आलेलं होतं!

स्वस्त आणि गुणकारी अशी सेवा असते का? असते, आणि त्याचा पुरावा शेजारीच, गोव्यात आहे. 'संगत' संस्थेने 2007 ते 2009 या काळात 24 दवाखान्यांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्य-चिंतेच्या रुग्णांशी बोलायचं. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी 65.9 टक्के लोक बरे झाले. नेहमीच्या उपचारात 42.5 टक्के. खर्च मोजताना रुग्णाचा बुडालेला वेळ आणि मजुरीही धरली, माझ्या आत्याने धरली होती तशी, तेव्हा सरकारी केंद्रांत ही सेवा चक्क पैसे वाचवणारी निघाली. अर्थात हे सगळे रुग्ण प्रौढ होते.

मुलांसाठी त्याच संस्थेचं काम बघायला बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यात जावं लागतं. तिथे सुमारे 75 शाळांत 'सेहेर' नावाचा कार्यक्रम तीन प्रकारे तपासला. काही शाळांत तो बाहेरून नेमलेल्या समुपदेशकाने चालवला, काहींत शाळेच्याच शिक्षकाने, आणि काही शाळा तुलनेसाठी. 2018 मध्ये निकाल छापला गेला. समुपदेशकाच्या शाळांत मुलांचं नैराश्य कमी झालं, दादागिरी कमी झाली, शाळेचं वातावरण सुधारलं. शिक्षकांच्या शाळांत काहीही फरक नाही. आता कागदावर स्वस्त काय दिसतं? शिक्षक. त्याला वेगळा पगार द्यावा लागत नाही. पण गुण शून्य असेल तर त्या स्वस्ताईचा भाव काय लावायचा? इथे बसलेल्या गुरुजींनी आणि बाईंनी राग मानू नये. खिचडीची नोंद, निवडणूक, सर्वेक्षण, आणि वर हे. मुलांचं ऐकायला त्यांच्याकडे वेळ उरतो कुठे?

आज पेणला आणि रोह्याला उपजिल्हा रुग्णालयं आहेत. किशोरवयीनांसाठी 2014 पासूनचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यातली 'मैत्री' क्लिनिक्स आहेत. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. 14416 हा फोन 2022 पासून आहे. पण आपल्याच तालुक्यांतली कातकरी मुलं घ्या. दिवाळीनंतर घरच्यांबरोबर वीटभट्टीवर जातात. पथक शाळेत येतं त्या दिवशी ती पटावर असतात, वर्गात नसतात. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला याच प्रश्नाला हात घातला होता : मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची. त्यातून अंगणवाडी उभी राहिली. भट्टीवर बसून मुलांशी बोलणारा माणूस मात्र अजून कुठल्याच योजनेत पदनामासह लिहिलेला नाही.

आणि आकडे मागाल तर 2015-16 चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण 13 ते 17 वयात 7.3 टक्के मुलांना त्रास असल्याचं सांगतं. ते 12 राज्यांत झालं. महाराष्ट्र त्यात नव्हता. म्हणून मी पेणचा आकडा सांगणार नाही. पण एक बेरीज करता येते, ती उद्या रोह्याच्या व्याख्यानाआधी करून बघावी म्हणतो. इथून अलिबाग 30 किलोमीटर. आई आणि मूल, जाऊन येऊन एसटी, एक दिवसाची मजुरी, महिन्यातून दोनदा, सहा महिने. त्याला तालुक्यातल्या शंभर घरांनी गुणा. मग शेजारी एका समुपदेशकाचा वर्षाचा पगार लिहा. सभेत कोणी बँकेतले असतील तर कागद पुढे आणा, आपण प्रश्नोत्तरांत तिथूनच सुरुवात करू.