पंडिता रमाबाई : ईश्वरी मार्गदर्शन आणि स्वतंत्र बुद्धी

परमेश्वरावर मनोभावे विसंबावे, आपल्या बुद्धीवर भिस्त ठेवू नये, असा उपदेश जुन्या करारातील ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. ख्रिस्ती भक्तिमार्गात या उपदेशाचा अर्थ पुष्कळदा बुद्धीचा त्याग असा लावला गेला. मूळ हिब्रू शब्दयोजना मात्र या अर्थास पुष्टी देत नाही. तेथील क्रियापदाचा अर्थ ‘टेकणे, भार टाकणे’ असा आहे. आणि ज्या ‘बीना’वर, म्हणजे समजशक्तीवर, भार टाकण्याची मनाई आहे, तीच संपादन करावी असे पुढच्याच अध्यायात बजावले आहे. निषेध आहे तो बुद्धीचा नव्हे, तर केवळ तिच्यावर रेलण्याचा. हा भेद एखाद्या आयुष्यात कसा उतरतो, हे पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रावरून पाहता येते.

रमाबाईंची श्रद्धेशी पहिली ओळख सुखाची नव्हती. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तीर्थयात्रा, व्रते आणि दानधर्म यांत सर्वस्व वेचले. देव प्रसन्न होईल, या भरवशावर कुटुंब गावोगाव फिरत राहिले. आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या दिवसांत वडील, आई व थोरली बहीण ही तिघेही थोड्या महिन्यांच्या अंतराने निवर्तली. देवाच्या नावाने इतरांनी सांगितलेला मार्ग निमूटपणे धरल्याचा परिणाम त्यांनी असा घरातच पाहिला होता.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरी हा अनुभव त्या विसरल्या नाहीत. तेथील मठवासिनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात चर्चची आज्ञा हीच ईश्वराची आज्ञा मानावी, हा आग्रह त्यांनी स्वीकारला नाही. पुरोहितवर्गाचे एक जोखड टाकून दुसरे मानेवर घेण्यास आपण तयार नाही, असा त्यांच्या उत्तरांचा आशय होता. ईश्वरावरील विश्वास त्यांनी नाकारला नव्हता. ईश्वराच्या वतीने बोलण्याचा मक्ता माणसांकडे असावा, हे त्यांना मान्य नव्हते. त्या वादात सदसद्विवेकबुद्धी हाच त्यांचा आधार होता.

पुढे १८९० नंतरच्या दशकात त्यांच्या धर्मजीवनास निराळे वळण लागले. आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला, पण ख्रिस्त लाभला नव्हता, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या निवेदनात नमूद केले आहे. याच काळात शारदा सदनाचा वाद उद्भवला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत स्थापन होऊन पुढे पुण्यास आलेल्या या संस्थेत धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळण्याचे ठरले होते. रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस काही मुली बसू लागल्या, तेव्हा ‘केसरी’ने टीका केली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले. आपल्या प्रार्थनेचे दार बंद ठेवणे रमाबाईंना अंतःकरणाशी द्रोह वाटला. सल्लागारांना हा वचनभंग वाटला. त्यांचा आक्षेप केवळ पूर्वग्रहाचा होता असे म्हणता येत नाही. आतून मिळणारा आदेश आणि लोकांस दिलेला शब्द यांत तेढ पडली, तर निवाडा कोणी करावा, हा प्रश्न तेथे खरोखरच उभा राहिला.

१८९६-९७ च्या दुष्काळात या श्रद्धेची कसोटी लागली. मध्य प्रांतातील अनाथ मुलींना त्यांनी आश्रय दिला. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनचा निधी बालविधवांच्या सदनासाठी होता. या नव्या मुलींच्या अन्नवस्त्राची तरतूद त्यात नव्हती. ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर यांनी प्रार्थनेच्या बळावर अनाथालये चालविली होती. त्यांचे चरित्र रमाबाईंच्या वाचनात होते. तोच मार्ग धरून त्यांनी केडगावला ‘मुक्ती’ उभारली. १९०० च्या सुमारास तेथील संख्या दीड हजारांच्या घरात गेली. पण अनंतशास्त्र्यांचे कुटुंब आणि ही वसाहत यांतील अंतर येथेच स्पष्ट होते. वडिलांची श्रद्धा कष्टाला पर्याय ठरली होती. कन्येच्या श्रद्धेने विहिरी खोदल्या, शेती व फळबागा केल्या, विणकाम व छपाई शिकविली. उद्याचा घास देवावर सोपविला होता, आजचे काम नव्हे.

अखेरच्या पर्वात त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम हाती घेतले. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर असल्याने अशिक्षित स्त्रीस ते कळणार नाही, आणि त्यातील कित्येक संज्ञांमागे हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले आहेत, असे त्यांचे मत होते. यासाठी त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या. मुक्तीतील स्त्रियांनीच छपाईचे काम केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. त्यांचे भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ईश्वराचे वचन दुसऱ्याच्या तोंडून नको, तर प्रत्येक वाचणारीस स्वतः कळावे, हा या परिश्रमामागील हेतू वाँटेजच्या पत्रांशी थेट जोडलेला आहे.

तात्पर्य, १८८५ च्या सुमाराची बुद्धिवादी रमाबाई आणि १९०५ ची भाविक रमाबाई अशी जी फाळणी पुष्कळदा केली जाते, ती पुरेशी नाही. दोन्ही काळांत मध्यस्थाच्या अधिकारास त्यांचा नकार कायम होता. बदलले ते भार टाकण्याचे ठिकाण. समजून घेण्याची हौस अखेरपर्यंत टिकली. १८९३ चा प्रश्न मात्र याने सुटत नाही. मध्यस्थ नाकारणाऱ्यास आपला आदेश खरोखर ईश्वराचा की आपल्याच इच्छेचा, हे पारखण्याची जबाबदारी एकट्यानेच वाहावी लागते; रमाबाईंनी ती वाहिली, आणि तिची किंमत शारदा सदनाने मोजली.